चंद्र रोज पाऊण तास उशिरा

माझ्या सासूबाईंची संकष्टी कडक होती. दिवसभर उपास, दुपारी साबुदाण्याची उसळ (नागपुरात उसळच म्हणतात, मी कोकणातली असल्यामुळे पहिली दोन वर्षं खिचडी म्हणून हसं करून घेतलं), आणि रात्री चंद्र उगवला की अर्घ्य, आरती, तळणीचे मोदक, मग जेवण. चंद्र उगवला म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालला. त्या वादातूनच मला आकाशाची गोडी लागली. त्याआधी ग्रहताऱ्यांबद्दल मला माहीत होतं ते शाळेच्या भूगोलातलं, तेही अर्धं विसरलेलं.

झालं असं. लग्नानंतरची दुसरी-तिसरी संकष्टी असेल. मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले होते. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे केशरी उजेड दिसला आणि पाहता पाहता टाकीच्या कडेवर चंद्र आला. पितळेच्या ताटासारखा, वरच्या उजव्या अंगाला जरासा चेपलेला. मी पळत खाली आले आणि म्हटलं, "आई, चंद्र आला!" त्यांनी चष्म्यातून आधी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"अजून वीस मिनिटं आहेत."

"अहो पण दिसतोय!"

"दिसू दे. वेळ झाली नाही ना."

वीस मिनिटं आम्ही सगळे मोदकांकडे बघत बसलो. चंद्र तोवर टाकी ओलांडून चांगला वर आला होता. कॅलेंडरातली वेळ झाल्यावर सासूबाई तबक घेऊन गच्चीवर गेल्या आणि आधीच सगळ्या मोहल्ल्याला दिसून चुकलेल्या चंद्राला त्यांनी रीतसर अर्घ्य दिलं.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. फरक दर वेळी साधारण सारखाच, वीस-पंचवीस मिनिटांचा. ढिसाळ छपाई असती तर चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली असती. ही चूक एकाच बाजूची होती, आणि अशा चुकीला कारण असतं. मी आयुष्यभर हिशेब तपासायची नोकरी केली आहे, एवढं मला कळत होतं.

कारण साधं निघालं. भिंतीवरच्या त्या कॅलेंडरात चंद्रोदय छापलेला होता तो मुंबईचा. मुंबई ७२.८ अंश रेखांशावर, नागपूर ७९.१वर. मधे सहा अंश आणि थोडं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला चार मिनिटं. सहा अंशांची झाली पंचवीस मिनिटं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडचं गाव उगवत्या चंद्रासमोर आधी येतं. नागपूर त्याच्यासमोर येऊन पंचवीस मिनिटं झाल्यावर मुंबईचा नंबर लागतो. आम्ही नागपुरात बसून मुंबईच्या चंद्रासाठी उपाशी राहत होतो.

घड्याळामुळे हे लक्षात येत नाही. भारतभर एकच वेळ, ८२.५ अंश रेखांशाची. मुंबईची स्वतःची सूर्यावरची वेळ या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे आहे. पूर्वी 'बॉम्बे टाइम' म्हणून ती वेगळी चालायचीसुद्धा, आणि १९०६ साली प्रमाणवेळ आल्यानंतरही मुंबईकरांनी ती लवकर सोडली नव्हती. नागपूरची वेळ मागे आहे फक्त १४ मिनिटं. सगळ्यांच्या मनगटावर आठ वाजले म्हणून सगळ्यांच्या आकाशात आठ वाजत नाहीत.

हे सगळं मी सासूबाईंना ताट, लिंबू आणि टॉर्च घेऊन समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "आषाढात ढग भरलेले असतात तेव्हा तुझा चंद्र कुठे असतो? कॅलेंडर भिंतीवरच असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही. पावसाळ्यातल्या चार संकष्ट्या कागदावरच्या चंद्रावरच सुटतात.

पण मला नाद लागला तो लागलाच. चंद्र दर संकष्टीला निराळ्या वेळेला का उगवतो? महिन्यातली तिथी तीच, मग अश्विनात सव्वाआठ-साडेआठला दिसणारा चंद्र चैत्र-वैशाखात दहा का वाजवतो? भुकेल्या माणसाला हा दीड तास चांगलाच कळतो. सासूबाई म्हणायच्या, उन्हाळ्यात देव परीक्षा बघतो.

रोजचा हिशेब आधी सांगते, कारण तो मला माहेरीच माहीत होता. फक्त तो चंद्राचा आहे हे माहीत नव्हतं. आमच्या गावी समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. भरती कधी हे विचारायला कोणी पंचांग उघडत नसे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाला. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, तेव्हा उधाण. अष्टमीची ती भांगाची भरती, पाणी जेमतेम वाळूच्या पहिल्या पट्ट्यापर्यंत. होड्या ओढणारी माणसं हे बोटांवर करायची. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते एवढं लहानपणी पाठ होतं. का सरकते हे विचारायचं सुचलं नाही, त्या वयात फक्त पोहायला कधी जायचं एवढाच प्रश्न असायचा.

पाणी पाऊण तास पुढे जातं, कारण चंद्र जातो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तेवढ्या वेळात चंद्र आपल्या वाटेवर तेरा अंश पूर्वेकडे सरकलेला असतो. सूर्यही त्याच दिशेला अंशभर सरकल्यासारखा दिसतो, तो वजा केला की राहिले बारा. तिथी म्हणजे हेच बारा अंश, सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा-बारा अंशांनी मोजायचं. आणि चंद्राला पुन्हा गाठायला पृथ्वीला ते बारा अंश जास्तीचे फिरावे लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात तो आणखी किंचित पुढे गेलेला असतो म्हणून सरासरी पन्नास. कोकणातल्या माणसांनी त्याचा पाऊण तास केला. तोंडी हिशेबाला तोच सोपा.

चंद्राचं हे सरकणं डोळ्यांना दिसतं, आणि ते पाहायला दुर्बीण लागत नाही. हात पुढे ताठ धरून मूठ वळली तर मुठीची रुंदी साधारण दहा अंश. करंगळीचं नख अंशभर. चंद्र स्वतः फक्त अर्धा अंश, म्हणजे करंगळीच्या नखाआड आरामात लपतो. उगवताना एवढा थोरला दिसणारा चंद्रही लपतो, करून बघा. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो हा निव्वळ आपल्या डोक्यातला खेळ आहे. उलट तेव्हा तो आपल्यापासून किंचित लांबच असतो, डोक्यावर येईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्याने आपणच त्याच्या जवळ जातो, सहा हजार किलोमीटरच्या आसपास.

हिवाळ्यात एकदा चंद्र रोहिणीच्या अगदी शेजारी होता. रोहिणी म्हणजे तो तांबूस तारा, वृषभेचा डोळा. मी साडेसातला पाहिलं तेव्हा चंद्र आणि रोहिणी यांच्यात एक चंद्र मावेल एवढी जागा होती. स्वयंपाक उरकून साडेनऊला परत गेले तर तीन मावतील एवढी झाली होती. तासाला स्वतःच्या रुंदीइतका सरकतो तो. इतकी वर्षं चंद्र बघून त्याला चालताना मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

आता तो दीड तास. चंद्राची वाट आकाशाच्या विषुववृत्ताला (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं की मिळणारी रेघ) तिरकी आहे, सूर्याच्या वाटेसारखीच. त्यामुळे महिन्याभरात तो उत्तरेला चढतो आणि दक्षिणेला उतरतो. सूर्य वर्षभरात जे करतो ते चंद्र सत्तावीस दिवसांत उरकतो. अश्विनातल्या पौर्णिमेनंतरचे चार दिवस तो चढतीवर असतो, रोज थोडा उत्तरेला. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे उत्तरेकडे सरकणारी वस्तू आपल्या क्षितिजावर लवकर येते. पूर्वेकडे गेल्याने झालेला उशीर उत्तरेकडे गेल्याने थोडा भरून निघतो. कोजागिरीनंतर पहिल्या एक-दोन रात्री हा उशीर जेमतेम चाळीस मिनिटांचा असतो. चैत्रात उलटं. पौर्णिमेनंतर चंद्र उतरणीला लागलेला, रोज दक्षिणेला. पूर्वेचा उशीर आणि वर दक्षिणेचा उशीर. रोज पंचावन्न मिनिटं, कधी तासभर. चार दिवसांत ते साचतं. त्यात उन्हाळ्यात मुळात सूर्यच उशिरा मावळतो, म्हणजे पौर्णिमेचा चंद्रही उशिरा उगवणार. झाले दहा.

हे मी वहीत मांडून पाहिलं. २०२०च्या टाळेबंदीत सगळेच घरात, तेव्हा वही सुरू केली. तारीख, वेळ, आणि गच्चीवरून चंद्र कुठे उगवला ते. कार्तिक-मार्गशीर्षात संकष्टीचा चंद्र टाकीच्या बराच डावीकडे, एका मोबाइलच्या टॉवरशी. वैशाखात उजवीकडे, कोपऱ्यावरच्या आंब्यामागे. हाताच्या चार-पाच मुठींचं अंतर. टाकी मधोमध. शेजाऱ्यांना वाटायचं मी त्यांच्या टाकीवर लक्ष ठेवून आहे. एकदा काकूंनी येऊन विचारलंसुद्धा, "टाकी भरून वाहते का हो आमची?"

वेग हाही सारखा नसतो. चंद्राची वाट लंबगोल आहे. जवळ असतो तेव्हा ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर येतो, लांब जातो तेव्हा ४ लाख ६ हजारांवर. जवळ असताना भरभर चालतो, लांब असताना रेंगाळतो. म्हणून तिथी कधी वीस तासांत संपते, कधी सव्वीस तासांहून जास्त पुरते. पंचांगात क्षय (तिथी गळणं) आणि वृद्धी (तीच तिथी दोन दिवस येणं) म्हणून जे येतं ते हेच. भटजींनी तिथी गाळली असं मला पूर्वी वाटायचं.

माझ्या मुलीने शाळेत असताना एकदा विचारलं होतं, विनायकीला चंद्रोदयाची वेळ का छापत नाहीत? चतुर्थी तर तीही आहे. प्रश्न चांगला होता. शुद्ध चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या मागे तीन-साडेतीन तास असतो, म्हणजे उगवतो सकाळी नऊ-साडेनऊला, उन्हात, कोणी बघत नाही. संध्याकाळी दिसतो तो पश्चिमेला, मावळतीला लागलेला, कोर घेऊन. गणेश चतुर्थीला जो चुकूनही बघायचा नाही तो हा. वद्य चतुर्थीचा चंद्र अजून जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के उजळलेला असतो, आणि सूर्य मावळल्यावर उगवतो. एक चतुर्थी संध्याकाळी चंद्राला निरोप देते, दुसरी त्याची वाट बघायला लावते.

तिथीचं आणखी एक गंमतशीर टोक सांगते. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ उतरलं तो दिवस होता निज श्रावण शुद्ध सप्तमीचा (त्या वर्षी अधिक श्रावण होता). तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातला कोन. तोच कोन ठरवतो की चंद्राच्या कुठल्या भागावर ऊन पोचलं आहे. विक्रम लँडर सौर पॅनेलवर चालणारं, त्याला उतरायचं होतं तिथल्या सकाळी, म्हणजे पुढे पूर्ण दिवस मिळेल. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा. सप्टेंबर सुरू झाला तशी तिथे संध्याकाळ झाली आणि आधी प्रज्ञान या बग्गीला, मग विक्रमला झोपवलं. इस्रोने पंचांग उघडलं नसणार हे मलाही कळतं, पण गणित एकच. त्या संध्याकाळी मी गच्चीवरून अर्धा चंद्र पाहत होते आणि खाली टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सप्तमीला गेलं का, बरं झालं.

वाद मिटला कसा ते राहिलंच. माझ्या ताट-लिंबू-टॉर्चने नाही. एका दिवाळीनंतर नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं, या वेळी दुसऱ्या कंपनीचं. रद्दीत जायच्या आधी मी जुन्याची आणि नव्याची पानं उलटून बघत होते. नव्याच्या मागच्या पानावर, राशिभविष्य आणि पापडाच्या जाहिरातीच्या मधे, मुंगीएवढ्या अक्षरात एक तक्ता होता. गावोगावचे चंद्रोदय. त्यात नागपूर होतं. मी भिंग घेऊन सासूबाईंसमोर बसले. त्यांनी स्वतः वाचलं, दोनदा. मग उठून देवघरातली पेन्सिल आणली आणि नव्या कॅलेंडरातल्या बाराही संकष्ट्यांपुढे नागपूरची वेळ लिहून काढली.

गच्चीवरचा चंद्र दहा वर्षं जे पटवू शकला नाही ते मुंगीएवढ्या अक्षरांनी पाच मिनिटांत पटवलं. मी काही बोलले नाही. त्या महिन्यात आम्ही पंचवीस मिनिटं आधी जेवलो.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा मी तिला कामाला लावलं. संकष्टीच्या रात्री दोघी फोनवर. मी नागपुरात गच्चीवर, ती पुण्यात सोसायटीच्या टेरेसवर. तिच्या पूर्वेला बारा मजली इमारत, त्यामुळे क्षितिज दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून ठरवलं की चंद्र दोन मुठी वर आला की 'आला' म्हणायचं. मी 'आला' म्हटलं आणि घड्याळ लावलं. मग आम्ही गप्पा मारत बसलो, तिच्या रूममेटचं लग्न, माझा गुडघा. हिशेबाने पुणे ७३.९ अंशांवर, माझ्यापासून सव्वापाच अंश पश्चिमेला, म्हणजे एकवीस मिनिटं. ती 'आला' म्हणाली तेव्हा चोवीस झाली होती. तीन मिनिटांची चूक मी तिच्या मुठीवर घातली, तिने माझ्या गुडघ्यावर, कारण मी मधेच बसले होते.

पण हिशेबाच्या त्या एकवीस मिनिटांत पृथ्वी फिरली होती. मी जिथे होते तिथे पुणे येईपर्यंत, साडेपाचशे किलोमीटर, तासाला साधारण १५७० किलोमीटरच्या वेगाने, आणि आम्ही दोघी तिच्यावर बसून रूममेटच्या लग्नाबद्दल बोलत होतो. चंद्र बिचारा तेवढ्या वेळात आपल्या अर्ध्या रुंदीएवढासुद्धा हलला नव्हता.

सासूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून हे सगळं ऐकत होत्या. त्यांचं जेवण केव्हाच झालं होतं.

"पोरगी अजून उपाशी आहे का?"

म्हटलं, "हो. तिच्याकडचं कॅलेंडर मुंबईचं आहे. त्यात पुण्याची वेळ छापलेली नाही म्हणते."

त्यांनी हात पुढे करून फोन मागितला.

"पुणं चार मिनिटं आधी असतं," त्या नातीला म्हणाल्या. "छापलंय तसं. जेव तू."